वहीत लिहिलेली हद्द

सहलीचा बेत ठरू लागला की व्रतनियम पाळणाऱ्या घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : "तुम्ही सगळे जाऊन या, मी घरी बरी आहे." हे वाक्य बहुधा आजींचे असते. ऐकणाऱ्यांना थोडे वाईट वाटते आणि थोडे हायसेही वाटते; कारण चौविहार, उकळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे सारे परमुलखात सांभाळायचे कसे, हा प्रश्न त्या एका वाक्याने सुटून जातो.

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाने कित्येक वर्षे अशाच सहली केल्या. कुमाऊँच्या डोंगरांतील तलाव पाहण्याचे ठरले तेव्हाही आजींनी तेच सांगितले आणि "माझे दिशांचे व्रत आहे," अशी पुस्ती जोडली. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने या वेळी सरळ विचारले, "पण आजी, व्रत नेमके किती अंतराचे आहे?" घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. आजींनी नियमांची वही काढली. तीत लिहिले होते : चारही दिशांना भारताची सीमा, वर एक कोस.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत हे गुणव्रत आहे. जाण्यायेण्याची हद्द आखून घेतली की हद्दीबाहेरच्या हिंसेशी आणि लोभाशी संबंध उरत नाही, हा त्यामागील विचार. त्यात आडव्या दिशांप्रमाणे वरची आणि खालची दिशाही मोजली जाते. कोस म्हणजे सुमारे ३ किलोमीटर. नैनीताल समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवर आहे, भीमताल सुमारे १,३७० मीटरवर. नैनीतालजवळचे नैना शिखरही २,६११ मीटरच. तलावांचा तो सारा मुलूख आजींच्या हद्दीत बसत होता. बसत नव्हते ते फक्त विमान. तेव्हा पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, असा रेल्वेचा मार्ग ठरला. काठगोदामला रूळ संपतात. तिथून नैनीताल मोटारीने ३५ किलोमीटरच्या आसपास.

खरी ओढाताण तारखांची झाली. मे महिन्यात घरोघरी वर्षाच्या धान्याची बेगमी होते. भुसार व्यापाऱ्याला तेव्हा पेढी सोडता येत नाही. पावसाळ्यात त्या डोंगरांत दरडी कोसळतात. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनीतालला कोसळलेल्या दरडीने १५१ माणसांचा बळी घेतला होता. शिवाय तो काळ चातुर्मासाचा. दिवाळीची सुटी सोयीची खरी, पण कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आजी गावाबाहेर पडत नाहीत. अखेर पौर्णिमेनंतरचा आठवडा धरला. धाकट्या नातीची काही दिवस शाळा बुडणार होती. सूनबाईंनी शाळेला तसा अर्ज दिला.

त्या दिवसांत पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नैनीतालला मात्र सव्वापाचच्या आसपास. म्हणून संध्याकाळचे भोजन साडेचारला ठरले आणि चारनंतर कोठेही हिंडणे उरले नाही. मुलांनी केलेली आठ-दहा ठिकाणांची यादी त्यामुळे आपोआप आटोपशीर झाली. राहिले दोनच मुक्काम : भीमतालला तीन रात्री, नैनीतालला दोन. सातताल आणि नौकुचियाताल भीमतालहून जवळ असल्याने तिथे सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. थंडी कडक असते, तेव्हा लवकर मुक्कामी परतणे आजींनाच काय, सर्वांनाच मानवणारे होते.

भीमतालला स्वयंपाकघर असलेली जागा पाहिली. कुमाऊँचा नावाजलेला पदार्थ म्हणजे बटाट्याचे गुटके. तो अर्थातच वर्ज्य. पण तिकडची गहत म्हणजे आपला कुळीथ आणि मडुआ म्हणजे नाचणी, हे कळल्यावर पेढीवरून हलायला नाखूश असलेल्या शेठजींनाही तिथल्या बाजारातील माल पाहण्याची उत्सुकता वाटू लागली. २,००० मीटरच्या आसपास पाणी ९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. म्हणून सामानात सर्वांत आधी कुकर गेला, मग पाणी गाळण्याचे गरणे, मग खाखरे.

नावेचा प्रश्न निघाला. पाण्यातील जिवांना करमणुकीसाठी त्रास नको, म्हणून आजींनी स्वतः काठावर थांबायचे ठरवले. नातवंडांना एका फेरीची मुभा दिली. नैनीतालचे लोक त्या तलावाचेच पाणी पितात. हे समजल्यावर रिकामी वेष्टने परत आणण्यासाठी त्यांनी एक कापडी पिशवी शिवून दिली.

दिग्व्रताच्या अतिचारांत हद्द ओलांडण्याबरोबरच हद्दीचे विस्मरण हाही अतिचार सांगितला आहे. आजींना आपली हद्द पक्की आठवत होती. घरच्यांनी ती कधी विचारलीच नव्हती. त्यांच्या व्रताला घाबरून घर इतकी वर्षे त्यांना मागे ठेवत आले आणि त्या व्रतात तर अवघा भारत मोकळा होता. ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी तिकिटे काढण्याआधी ती एकदा मागून वाचावी.

बेताच्या कागदावर आजींनी शेवटी आपल्या हाताने एक ओळ घातली : रोज सकाळी तलावाकाठी एक सामायिक, ४८ मिनिटे, तोवर कोणी घाई करू नये.