शिशाचा वायसर

आमच्या पनवेलच्या घरी तीन पितळी गॅसबत्त्या आहेत. येणारा-जाणारा तिघींना पेट्रोमॅक्सच म्हणतो. खरी पेट्रोमॅक्स त्यांत एकच, बाकी दोन तिच्या देशी नकला. पण वनस्पती तूप कुठलेही असो, लोक जसे डालडाच म्हणत, तसे या नावाचे झाले. बर्लिनच्या एरिख आणि ग्रेट्झ कंपनीने १९१० च्या सुमारास ही बत्ती काढली. पेट्रोलियममधला 'पेट्रो' आणि माक्स ग्रेट्झ यांचा 'मॅक्स' मिळून नाव तयार झाले.

अब्बा या बत्त्या भाड्याने देत. उरूस, संदल, लग्नाची वरात, गणपती, भजन, नाटक, जिथे बोलावणे येईल तिथे बत्ती जाई. सकाळी ती परत आली की कोणाकडे मेंटल फुटले आणि कोणाकडे काच तडकली, एवढेच वहीत लिहिले जाई. वरातीत बत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे मात्र कोणाच्या लक्षात राहत नसत. बत्तीची टाकी खाली आणि मेंटल वर असते, त्यामुळे सावली नेमकी धरणाऱ्याच्या तोंडावर पडते. नवरदेव उजळून निघे आणि बत्तीवाला अंधारात चाले.

पनवेलपासून जवळच, खोपोलीला, टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. ती वीज मुंबईला गेली. कोकणातल्या वाड्या-वस्त्यांवर त्यानंतरही कित्येक दशके रॉकेलच जळत होते. म्हणून या बत्तीला कोणी शौकाची वस्तू समजू नये. ती गरजेची होती.

तिची करामत साधी आहे. टाकीत रॉकेल भरायचे आणि पंपाने हवा मारायची. दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते आणि तापलेल्या नळीत त्याची वाफ होते. ती वाफ निपलच्या बारीक छिद्रातून सुटते, हवेत मिसळते आणि मेंटलमध्ये जळते. उजेड देतो तो मेंटल. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांनी तो शोधला. विणलेली जाळी थोरियमच्या आणि किंचित सेरियमच्या क्षारात भिजवायची. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाते आणि उरलेली राख लखलखते. हे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूत सापडते, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर भरपूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती परदेशी जाऊ लागली, तीही मुख्यतः मेंटलांसाठीच. साहेबाच्या बत्तीतला उजेड असा आपल्याच किनाऱ्यावरचा होता.

आता तिन्ही बत्त्या आम्ही एकेक करून चालू करतो आहोत. पितळ चिंचेने घासले की चकाकते, त्यात काही विशेष नाही. खरी अडचण सुट्या भागांची. पंपाचा चामड्याचा वायसर सुकून आक्रसतो. तो रात्रभर तेलात ठेवला तर बहुतेकदा कामाला येतो. निपलची पिन वाकते. सांध्यातला शिशाचा वायसर एकदा दाबून बसला की पुन्हा चालत नाही, सांधा उघडला की नवा घालावा लागतो. नकला हुबेहूब केल्यामुळे देशी निपल बहुधा जर्मन बत्तीला बसते, एवढे आमचे नशीब. बाकीसाठी मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर हिंडावे लागते. दहा मोडक्या बत्त्या उलथ्यापालथ्या कराव्यात, तेव्हा एक धड पंप हाती लागतो.

तिथेच एका दुकानदाराने आमच्या जर्मन बत्तीला चांगली किंमत सांगितली. टाकीला भोक पाडून आतून वायर घ्यायची, मेंटलच्या जागी बल्ब लावायचा. अशा बत्त्या हॉटेलवाले हौसेने घेतात, असे त्याचे म्हणणे. घरात वाद झाला. पैशांची निकड होती, हेही खोटे नाही. पण भोक पडलेल्या टाकीत दाब राहत नाही. ती पुन्हा बत्ती होत नाही, नुसते पितळेचे भांडे उरते.

त्या वादात आम्हाला निसर्ग वादळ आठवले. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धनच्या बाजूला धडकले. खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथल्या खालाजानकडे आम्ही देशीपैकी एक बत्ती पोचवली. पत्रे उडालेल्या घरात तिच्या उजेडात मोहल्ल्यातल्या बाया भाकऱ्या थापत आणि पुरुष कौले निवडत. तिथल्या पोरांनी असला फुरफुरता दिवा कधी पाहिलाच नव्हता. मशिदीत दिवे लावण्याचा पहिला मान तमीम दारी या सहाबींचा, अशी हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे. खालाजानने ती गोष्ट पोरांना त्याच उजेडात सांगितली.

बत्ती विकली नाही. पुढचा प्रश्न रॉकेलचा आहे. केंद्राच्या २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात त्याच्या अनुदानाला तरतूदच उरली नाही, आणि रेशनवरचे रॉकेल आता विसरायचेच. मिळेल तिथून थोडेथोडे आणून जपून वापरतो. भाचीला पिन बदलणे जमू लागले आहे. टाकी उघडण्याआधी स्क्रू सैल करून हवा सोडायची, हे ती आता आम्हालाच बजावते. डबीत शिशाचे सहा वायसर शिल्लक आहेत. सातवा ती स्वतः पत्र्यातून कापणार आहे.