आधी ऐकावे

एखादे मूल बोलत नाही असे कळले, की मोठी माणसे त्याची परीक्षाच घेऊ लागतात. हे काय? तो कोण? प्रश्न विचारणे हा तर आम्हां मास्तरांचा धंदाच! पण शेजारच्या स्वमग्न मुलाकडे येणाऱ्या वाचोपचाराच्या बाई प्रश्नच विचारीत नाहीत. तो डब्याचे झाकण गरगर फिरवितो. त्याही दुसरे झाकण घेऊन जमिनीवर बसतात, फिरवितात आणि गप्प राहतात. बऱ्याच वेळाने तो त्यांच्याकडे पाहतो. बाई एवढेच म्हणतात, "फिरलं!"

भूक लागली, की तो म्हणतो, "गाडी येत आहे." लोक हसतात. आईला मात्र ठाऊक आहे, की स्टेशनावर ही घोषणा चालू असताना त्याने पहिला वडा खाल्ला होता. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४६ साली अमेरिकेतल्या अशाच एका मुलाची हकीकत लिहिली. आई बडबडगीत म्हणत असताना पातेले पडले. पुढे पातेले दिसले, की तो त्या गीतातलेच शब्द उच्चारी. निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यालाही असा घरगुती अर्थ असतो.

बाई त्याचे वाक्य खोडीत नाहीत. त्यातच भर घालून म्हणतात, "वडा येत आहे!" सगळीच मुले शब्दांपर्यंत पोचतील असे नाही, काही चित्रावर बोट ठेवून सांगतात. तेही बोलणेच.

परवा दाराची कडी वाजली. तो उठला आणि म्हणाला, "बाई येत आहे." आदरार्थी बहुवचन चुकले खरे, पण मी लाल शाई काढली नाही!