मागे कोण बसणार?

बेळगावहून कवळ्याला जायचं म्हणजे आमच्या घरी सणासारखी तयारी असते. शांतादुर्गा आमची कुलदेवता. बाबा तरुणपणी येझदीवरून अनमोड घाटाने जायचे, आई मागे आणि मी टाकीवर. आता बाबा ६९ वर्षांचे आहेत. गाडी मी चालवतो आणि मागे ते बसतात. कारने जाऊ म्हटलं तर घाटात त्यांना गाडी लागते. चोर्ल्याची चार वळणं झाली की पिशवी हातात घ्यावी लागते. मोटरसायकलवर मात्र काही होत नाही. तोंडावर वारा लागला की बरं वाटतं, असं ते म्हणतात.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही असेच जाऊन आलो. वाटेत बाबांनी एका शब्दाची तक्रार केली नाही. चार-पाच दिवसांनी सकाळचा चहा पिताना आई म्हणाली, "तुझे बाबा आल्यापासून खाली जमिनीवर झोपतायत, ठाऊक आहे का तुला? पलंगावरून उठताच येत नाही त्यांना. मागच्या वर्षीपण असंच झालं होतं. तुला सांगू नको म्हणाले."

बाबांचं कमरेचं दुखणं जुनं आहे. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलेलं नाही, दणके नकोत एवढंच सांगितलंय. दणके बसत होते हे मला कळलंच नव्हतं. मला तर गाडी छान वाटत होती.

हा रस्ता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेळगावातून बाहेर पडून किणये, मग कुसमळीजवळ मलप्रभेचा पूल, पुढे जांबोटी. तिथून झाडी दाट होत जाते आणि कणकुंबी येतं. मलप्रभा उगम पावते ती याच कणकुंबीत, माऊलीच्या देवळाजवळ. गाव अगदी पाणलोटाच्या धारेवर आहे. इथली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीच्या पुढे चोर्ला, जिथे कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा एकमेकांना खेटून आहेत. मग घाट उतरून केरी, अंजुण्याचं धरण, साखळी, आणि उसगावावरून फोंडा. फोंड्यापासून कवळे हाकेच्या अंतरावर.

रस्ता फार देखणा आहे, पण जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यात पावसाळा संपला की खड्डे असतात. त्याहून वाईट म्हणजे बुजवलेले खड्डे. ते लांबून दिसत नाहीत आणि जवळ आल्यावर चुकवता येत नाहीत.

माझी गाडी ३५० सीसीची, मागे दोन बाजूंना दोन शॉकअप असलेली. मी काय केलं होतं ते आता सांगायला हरकत नाही. बाबांना मऊ बसावं म्हणून जायच्या आदल्या रात्री दोन्ही शॉकअपची कडी पान्याने फिरवून सगळ्यात खालच्या खाचेवर आणून ठेवली होती. कमी ताण म्हणजे मऊ गाडी आणि मऊ गाडी म्हणजे आराम, असा माझा सरळ हिशेब. तो पूर्ण उलटा होता.

आईचं ऐकल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते महागडे परदेशी शॉकअप घ्यायचं. दोन रात्री बसून तक्ता केला. लांबी, किंमत, गॅस, तेल, किती ठिकाणी चावी फिरते, सगळ्याचे रकाने केले. स्वीडिश जोडीची किंमत बघून तक्ता बंद केला आणि शनिवारी उद्यमबागेत गेलो.

उद्यमबाग म्हणजे आमच्या बेळगावची फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची वसाहत. तिथे एक मेस्त्री आहेत. आयुष्य हायड्रॉलिक सिलिंडर उघडण्यात आणि बसवण्यात गेलं आणि आता मोटरसायकलींचे शॉकअप दुरुस्त करतात. मी फोनवरचा तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बघितलाही नाही. म्हणाले, "हे सगळं असू दे की. मागं कोण बसणार?"

तक्त्यात सगळं होतं, तेवढा रकाना नव्हता.

बाबांचं सांगितलं. ते म्हणाले, "तू स्वतः तुझ्या गाडीवर मागं कधी बसलायस काय?" नव्हतो बसलो. पाच वर्षांत एकदाही नाही. मेस्त्रींनी हात पुसले, किल्ली घेतली, मला मागे बसवलं आणि गाडी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटकडे नेली. गेट उघडं होतं. रुळांवरून गाडी गेली, वेग काही फार नव्हता. मागचं चाक रुळावर चढताना खालून ठक्क असा आवाज आला आणि माकडहाडापासून मानेपर्यंत कळ गेली. मग सीटने मला वर उडवलं आणि परत आपटलं. मी ३६ वर्षांचा आहे. बाबांनी हे जाऊन-येऊन दिवसभर सोसलं होतं.

परत येताना मेस्त्रींनी समजावलं. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, त्याला दणक्याचा थोडाच भाग येतो. मागचा माणूस जवळजवळ चाकाच्या आसावरच बसतो, त्यामुळे त्याला सगळा येतो. बसची मागची सीट आठवा. म्हणूनच मागच्याने तोंड उघडल्याशिवाय पुढच्याला काही कळत नाही. आणि आमच्या घरात तोंड उघडायची पद्धत नाही.

मग त्यांनी टेप काढली. ही मोजणी कोणालाही घरी करता येते म्हणून नीट लिहितो. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करायचं. आसापासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत अंतर मोजायचं. मग गाडी चाकांवर उभी करून तेच अंतर, नंतर चालवणारा बसल्यावर, आणि शेवटी दोघं व सामान चढवल्यावर. पहिल्या अंतरातून पुढची वजा केली की गाडी किती दबते ते कळतं. माझ्या गाडीचं मागचं चाक एकूण ८० मिमी वरखाली होऊ शकतं. रिकामी गाडी १३ मिमी दबत होती, मी बसल्यावर २७. बाबांच्या वजनाचा पोरगा आणि पिशवी मिळून ७० किलो मागे चढवल्यावर ४८ मिमी.

म्हणजे ८० पैकी ४८ उभ्या उभ्याच संपले. खड्ड्यासाठी उरले ३२. खड्डा त्याहून मोठा आला की शॉकअप तळाला टेकतो, आणि तळाला टेकलेला शॉकअप म्हणजे नुसती लोखंडी कांब. रेल्वे गेटवरचा तो ठक्क आवाज त्याचाच होता. मी मऊ करायला गेलो आणि बाबांना कांबेवर बसवून आलो. साधारण नियम असा की चालवणारा बसल्यावर मागची बाजू एकूण हालचालीच्या पाव ते तीस टक्के दबावी. जोडीने बसल्यावर थोडी जास्त चालेल, पण निम्म्याच्या वर नको.

इथे आणखी एक गैरसमज गेला. खाचेवरची कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि व्यासावर ठरतो. ७० किलोला २१ मिमी, म्हणजे माझ्या दोन स्प्रिंग मिळून मिलिमीटरला साधारण ३.३ किलो. मेस्त्री म्हणाले, मिळून ४ किलोची घे. त्याहून कडक घेतलीस तर एकटा ऑफिसला जाताना तूच शिव्या देशील.

पण स्प्रिंग ही अर्धीच गोष्ट. स्प्रिंग दणका साठवते आणि तितक्याच जोराने परत फेकते. तो जोर मारायचं काम आतल्या तेलाचं. दट्ट्याच्या बारीक भोकांतून तेल ढकललं जातं आणि दणक्याची उष्णता होते. खराब रस्त्यावर तासभर गेल्यावर शॉकअपला हात लावून बघा, चांगला गरम लागतो. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि गॅस एकत्र असतात. फार घुसळलं की फेस होतो आणि फेस काही दणका अडवत नाही. म्हणून गॅसची कुपी वेगळी असलेले शॉकअप लांबच्या खराब रस्त्याला बरे. माझ्या जुन्या जोडीतल्या एकाच्या दांड्यावर तेलाचा ओशट थर होता, म्हणजे सील गेलं होतं. सीट मला वर उडवत होती ती त्यामुळे.

शेवटी घेतली ती भारतीय बनावटीची जोडी. गॅसची कुपी वेगळी, परत येण्याचा वेग कमी-जास्त करायची चावी, आणि उघडून सील बदलता येईल अशी. हे शेवटचं मेस्त्रींनी अटीसारखं सांगितलं. जे बेळगावात उघडता येत नाही ते घेऊ नको. लांबीही जुन्याएवढीच ठेवली. लांब शॉकअप घेतला तर मागची बाजू उचलली जाते, हँडल चटकन वळायला लागतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. दिसायला छान, पण मागे म्हाताऱ्या माणसाला पाय टाकून चढायचं असतं. आणि बदलायचे तर दोन्ही एकदम, दोन्हींची खाच सारखी.

बसवून पुन्हा मोजलं. मी एकटा २२ मिमी. मागे तेच ७० किलो ठेवून आणि खाच वर घेऊन ३० मिमी. खड्ड्यासाठी ३२ होते ते आता ५० झाले. खर्च परदेशी जोडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

फेब्रुवारीत आम्ही परत निघालो. निघताना टायरमध्ये दोघांच्या वजनाची हवा भरली, पुस्तिकेत तो आकडा वेगळा दिलेला असतो. डब्यात कुंदा घेतला. या वेळी मी बाबांना एक अट घातली होती. दणका बसला की माझ्या खांद्यावर एकदा थोपटायचं. "मला काय होतंय?" म्हणाले. मी म्हटलं, "काही होत नाही, मला आकडा पाहिजे." आकडा म्हटल्यावर ते तयार झाले. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिलेला माणूस.

जांबोटीपर्यंत दोनदा थोपटलं. तिथे थांबून परतीची चावी दोन टिचक्या सैल केली, मग कणकुंबीपर्यंत एकदाच. चोर्ल्याचा घाट उतरताना एकदाही नाही. मी घाबरून मागे वळून विचारलं तर म्हणाले, "पुढं बघ की, जागा आहे मी."

अर्थात सगळं श्रेय शॉकअपला देऊ नये. या वेळी मी ताशी ४० च्या वर गेलो नाही, दर तासाला थांबलो आणि खड्डा दिसला की आधी सांगत होतो. नुसते शॉकअप बदलून तसाच पळवला असता तर आई पुन्हा चहाच्या वेळी काहीतरी बोललीच असती.

कवळ्याला दुपारच्या आरतीला पोचलो. १६ व्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने भक्तांनी देवीला केळशीहून इथे आणलं. तेव्हा फोंड्याचा मुलूख त्यांच्या हाताबाहेर होता. आताचं देऊळ १७३८ चं, छत्रपती शाहूंच्या काळातलं. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून बाबा दरवर्षी हे सांगतात, या वर्षीही सांगितलं. केळशीहून इथवर देवीला आणताना वाट कसली असेल, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "वाट कसलीही असू दे, वर बसलेल्याला जपून आणलं."

रात्री बेळगावला घरी आलो. बाबा उतरले, हेल्मेट काढलं, कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालून बघितली. मी, आई, दोघंही त्यांच्याकडे बघत उभे होतो.

"शॉकअप चांगले आहेत," ते म्हणाले. "सीट मात्र लाकूड आहे तुझी."

त्यांच्या तोंडून आलेली ही पहिली तक्रार. सोमवारी मी सीटवाल्याकडे गेलो, आणि या वेळी बाबांना बरोबर घेऊन गेलो.