कॅप्टन निमोचं गाव

नवा माणूस भेटला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत आपण विचारतो, ‘गाव कुठलं?’ ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोला हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ 1870 मध्ये संपली तेव्हा त्याची पाणबुडी नॉटिलस नॉर्वेजवळच्या भोवऱ्यात नाहीशी झाली होती. तो कोण, कुणावर सूड उगवत होता, हे कथा सांगणाऱ्या प्राध्यापक आरोनाक्सला शेवटपर्यंत कळलं नाही.

उत्तर आलं ते 1874-75 मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या ‘द मिस्टिरियस आयलंड’मध्ये, तेही अगदी शेवटाकडे. निमो म्हणजे बुंदेलखंडातल्या एका राजाचा मुलगा, राजकुमार डक्कार. दहाव्या वर्षी युरोपात शिकायला गेलेला, तिशीत परतलेला, 1857 च्या उठावात लढलेला आणि त्यात बायकामुलं गमावलेला.

मला हे उत्तर फार आवडतं, पण त्यामागचं कारण वाङ्मयीन नाही. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी घरांत पोचला. त्या घरांतल्या वाचकाला बुंदेलखंड म्हटलं की झाशी आठवते, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवतो. समुद्राखालचा तो गूढ कप्तान आपल्या ओळखीच्या मुलखातला निघाला, की टीकाकाराचा चष्मा आपोआप खाली उतरतो. तो पुन्हा चढवला तर फटी दिसतात. डक्कार हे नाव कुठल्या बुंदेल्याचं असावं, देव जाणे. शिवाय व्हर्न त्याला टिपू सुलतानाचाही नातलग करून टाकतो. म्हैसूर आणि बुंदेलखंड यांची सोयरीक कशी जुळली, ते सांगत नाही.

मुळात व्हर्नच्या मनातला निमो पोलिश होता. 1863 चं पोलिश बंड रशियाने चिरडलं, त्याचा सूड घेणारा. पण प्रकाशक एत्झेल रशियाला दुखवायला तयार नव्हता, म्हणून निमोचं गाव कोरंच राहिलं. पहिल्या पुस्तकात त्याच्या खोलीत कोशियुश्को, ओकॉनेल, वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन यांच्या तसबिरी आहेत. त्यांत हिंदुस्थानी एकही नाही. तरीही उत्तर निव्वळ चिकटवलेलं वाटत नाही, ते सिलोनच्या प्रसंगामुळे. मोती काढणाऱ्या गरीब पाणबुड्याला निमो शार्कच्या तोंडातून सोडवतो, त्याच्या हातावर मोत्यांची थैली ठेवतो, आणि तो माणूस पिळलेल्या देशातला आहे, मीही त्याच देशातला, अशा अर्थाचं काही बोलतो. व्हर्नने पुढे हाच धागा ओढला असावा.

तारखांचा मात्र त्याने साफ बोजवारा उडवला. आरोनाक्स नॉटिलसवर चढतो 1867 च्या नोव्हेंबरात, आणि दुसऱ्या पुस्तकात 1868 साली मरणाला टेकलेला निमो म्हणतो, त्याला सोळा वर्षं झाली! प्रकाशकाला तळटीप टाकून वाचकांची समजूत काढावी लागली. मला असल्या चुकांचा राग येत नाही. जास्त खटकतो तो याच पुस्तकातला नॅब, बेटावर अडकलेल्यांपैकी एक. गुलामीतून मुक्त झालेला हा माणूस बेटावरही चुलीपाशीच, आणि त्याच्या हाताखाली मदतनीस कोण, तर माणसाळवलेला ओरांगउटान.

या पुस्तकाचं खरं बळ निमो येण्याआधीच्या शेकडो पानांत आहे. अमेरिकन यादवी युद्धात रिचमंडहून बलूनमधून निसटलेली पाच माणसं आणि एक कुत्रा अनोळखी बेटावर येऊन पडतात. इंजिनिअर सायरस स्मिथ दोन घड्याळांच्या काचा जोडून, मध्ये पाणी भरून भिंग करतो आणि विस्तव पेटवतो. मग विटा, लोखंड, नायट्रोग्लिसरीन, शेवटी तारायंत्र. त्यांच्यातल्या पोराच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा सापडतो. त्याला दहा कणसं, कणसाला ऐंशी दाणे, म्हणजे आठशे. ते पेरले की सहा लाख चाळीस हजार. हा हिशेब वाचताना मला चाच्यांच्या हल्ल्यापेक्षा जास्त थरार वाटतो.

आणि तोच पोरगा तापाने फणफणतो तेव्हा सगळी इंजिनिअरी हात टेकते. विलोच्या सालीने भागत नाही, क्विनीन तर बनवता येत नाही. सकाळी टेबलावर क्विनीनची डबी असते. कुणी ठेवली? लपलेल्या निमोने, हे फार पुढे कळतं. अशा आयत्या मदतीने स्वावलंबनाच्या कथेची हवा जाते, असा आक्षेप घेता येईल. मला उलट वाटतं. माणसाच्या हुशारीला कुंपण कुठे आहे, ते व्हर्नने इथे नेमकं दाखवलं.

माझं भांडण आहे ते मृत्युशय्येपाशी. निमो आपली कहाणी सांगतो आणि स्मिथकडे निवाडा मागतो. स्मिथ म्हणतो, तुमची चूक एवढीच की गेलेला काळ परत आणता येईल असं तुम्हाला वाटलं, तुम्ही अटळ प्रगतीशी लढलात. म्हणणारा कोण? गुलामगिरीचा कट्टर विरोधक, बेटाला लिंकनचं नाव देणाऱ्यांपैकी एक. ज्या लिंकनची तसबीर निमोच्या खोलीत होती, त्याचाच सैनिक सत्तावनच्या बंडवाल्याला काळाची चाकं उलटी फिरत नाहीत हे ऐकवतो, आणि व्हर्न त्याला अडवत नाही. निमोच्या तोंडचा अखेरचा शब्द व्हर्नने ‘स्वातंत्र्य’ असा लिहिला होता. एत्झेलने तिथे देव आणि मायभूमी आणून बसवली. किंग्स्टनच्या नावावर 1875 मध्ये इंग्रजी भाषांतर निघालं, त्यात डक्कारच्या कहाणीतला इंग्रजांना झोंबणारा मजकूर सौम्य करून टाकला. तेच भाषांतर पुढे कित्येक दशकं छापलं जात राहिलं.