गर्जना

नागझिऱ्याच्या अरण्यात एका रात्री वाघाची डरकाळी ऐकली, आणि भयाबरोबरच आठवले ते एक गाणे! मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल वाद्यवृंदाने २०१७ साली ‘दशावतार’ हा गीतसंग्रह काढला : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. मुलाच्या खोलीतून तो गोंगाट येऊ लागला, की मी माझे दार लावून घेत असे. एकदा मात्र त्याच्याजवळ बसून ‘नरसिंह’ ऐकले. ती घोगरी गर्जना ठेका तिळभरही सोडीत नव्हती. बालपणीच्या कीर्तनात खांब दुभंगताना बुवांचा आवाज असाच फाटे. त्याला आम्ही भक्ती म्हणत होतो. आता मुलगा दूरदेशी असतो. ते गाणे मी लावतो, दार उघडे ठेवून.