क ला पहिली वेलांटी

पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली तेव्हा लातूरकडच्या आमच्या घरात जव्हार कुठे आलं, हे कुणालाच सांगता येईना. पालघर जिल्हा, डोंगर, बेफाम पाऊस, द्विशिक्षकी शाळा, शिक्षणसेवकाचं १६ हजार मानधन. एवढं कळलं आणि निघालो. मुलांना वाचायला कसं शिकवतात हे मला माहीत नव्हतं. डी.एड.ला आम्ही पाठ टाचणं काढली, उद्दिष्टं लिहिली, तक्ते रंगवले. पण अक्षर डोळ्यातून तोंडापर्यंत येतं कसं, हा प्रश्न कुठल्याच पेपरला आला नाही.

तिसरीची मुलं धडा खणखणीत वाचायची. मी खूश. मग एकदा लक्षात आलं की एका मुलाचं बोट एका ओळीवर आहे आणि तोंड दोन ओळी पुढे. त्याच धड्यातला एक शब्द फळ्यावर एकटा लिहिला, तर वर्ग चिडीचूप. धडा पाठ होता. आता यांना काय येतं नि काय येत नाही, हे शोधायचं तरी कुठून?

आमचे मुख्याध्यापक, ज्यांना गाव गुरुजी म्हणतं, शांतपणे म्हणाले, "सर, एकेकाला जवळ बसवा आणि असरचा कागद द्या." 'प्रथम' संस्था २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन ज्याने मुलांचं वाचन तपासते, तोच हा कागद: थोडी अक्षरं, थोडे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्के मुलं ती गोष्ट वाचू शकली. आकडा मी पेपरात वाचला होता. आता तो माझ्यासमोर पाय हलवत बसला होता. आमच्याकडे गोष्ट वाचली ती एका मुलीने, आणि तीही दुसरीतली. भावाशेजारी बसायला मिळतं म्हणून तिसरीत येऊन बसायची.

बाकीची "क ला काना का" असं घोकत शब्दाच्या टोकाला पोचायची तोवर त्याची सुरुवात विसरलेली असायची. 'किनारा' या शब्दाला तर मीच चक्रावलो. वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र क च्या नंतर. उकार पायाशी द्यायचा, पण र ला तो कमरेला. 'सूर्य'मधला र य च्या डोक्यावर बसतो आणि म्हणायचा त्याच्या आधी. ख म्हणजे 'रव' असं एकीने ठामपणे सांगितलं. मी निरखून पाहिलं तर तिचं काही चुकलं नव्हतं! इतकी वर्षं वाचतोय, पण डोळे असे मागेपुढे धावतात हे या मुलांनी अडखळून दाखवलं तेव्हा कळलं.

गुरुजींनी वर्णमालेचा तक्ता उतरवला नाही, फक्त त्याच्याकडे पाठ केली. पाचच अक्षरं घेतली: क, म, न, र, ल, आणि काना. एवढ्यात काका, मामा, मका, नाक, कान, कारला असे शब्द होतात, "मला मका" हे तर आख्खं वाक्यच. ज्ञ आणि ष ला थांबता येतं. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी आयुष्य वेचलं, हेही गुरुजींकडूनच कळलं, डी.एड.ला त्यांचं नाव कानावर पडलं नव्हतं.

रोज थोडा वेळ आम्ही इयत्ता मोडतो आणि पातळीप्रमाणे गट बसवतो. चौथीतला एकजण अक्षरांच्या गटात बसायला लाजत होता. गुरुजींनी त्याला शब्दकार्डं वाटायचं काम दिलं. कार्ड वाटायचं तर वाचावं लागतंच.

तरी एक पेच आहेच. घरी मुलं वारली किंवा कोकणा बोलतात. एका मुलीने 'पदपथ' बरोबर वाचला आणि अर्थ विचारल्यावर माझ्याकडे बघत राहिली. लातूरला तरी पदपथ कोण म्हणतं? माझं "काय करलालाव?" ऐकून तर वर्ग अजून हसतो.

तपासणीला आलेले साहेब विचारतात, "अभ्यासक्रम किती झाला?" सरकारच्याच निपुण भारतमध्ये २०२६-२७ पर्यंत तिसरीचं प्रत्येक मूल समजून वाचेल असं लिहिलंय, मग ज्याला ओळ लागत नाही त्याच्यापुढे आठवा धडा उरकून काय मिळतं? माझ्या मते धडे थांबावेत. मी नवा आहे, मान हलवतो.

दिवाळीनंतर निम्मी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातील, मुलांसकट. तोवर कसंबसं रफारापर्यंत पोचू. पेटीतली गोष्टींची पुस्तकं मुलांबरोबर द्यायचं गुरुजींनी ठरवलंय. ती परत आली नाहीत तर साठा नोंदवहीत काय लिहायचं, हे मात्र त्यांनाही सुचलेलं नाही.