साडेआठची नोंद

नोंदवहीच्या त्या ओळीत मी शून्य लिहिलं, आणि पर्जन्यमापकाजवळ न जाताच लिहिलं. हे आजवर फक्त आमच्या सरांना ठाऊक होतं. आज मोकळेपणाने सांगते आहे, कारण माझ्या विषयाकडे बघण्याची माझी नजर त्या शून्याने बदलली.

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून मी हवामानशास्त्राच्या एम.एस्सी.साठी पुण्यात आले, तेव्हा मनात एकच चित्र होतं. महासंगणक, त्यावर चालणारं मान्सूनचं मॉडेल आणि त्यासमोर बसलेली मी. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेवरून बस गेली तरी मी खिडकीतून वळून बघायची. वातावरणाची गतिकी, उष्मागतिकी हे विषय मला मनापासून आवडत. समीकरण सुटलं की रात्र सार्थकी लागल्यासारखं वाटे.

एका सत्रात आम्हाला महिनाभर वेधशाळेत नोंदी घ्यायच्या होत्या. रोज सकाळी साडेआठ वाजता. पांढऱ्या झडपांच्या स्टीव्हन्सन पेटीचं उत्तरेकडचं दार उघडायचं, डोळे पाऱ्याच्या पातळीत आणून कोरडा आणि ओला तापमापक वाचायचा, ओल्याची मलमल स्वच्छ आहे ना ते बघायचं, मग पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. मला हे कारकुनी काम वाटे. एवढं शिकून तापमापकच वाचायचा का, असं मी मैत्रिणीला बोलूनही दाखवलं होतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी उठलेच साडेदहाला. रात्री उशिरापर्यंत गेट परीक्षेचा अभ्यास चालला होता. वसतिगृहाचं अंगण कोरडं होतं, लख्ख ऊन पडलं होतं. सोमवारी वही उघडली, आदल्या दिवसाचे तापमानाचे आकडे अंदाजाने भरले आणि पावसाच्या रकान्यात शून्य लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

बुधवारी सरांनी स्वयंनोंदी पर्जन्यमापकाचा आलेख माझ्यासमोर ठेवला. रविवारी पहाटे तीनच्या सुमारास पेनाची रेघ चढायला लागली होती. ६.८ मिलिमीटर. वसतिगृहापासून चार किलोमीटरवर सर पडून गेली होती आणि मला पत्ताही नव्हता.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "पाऊस पडला नाही आणि कुणी पाहिलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू दोन्हींसाठी एकच आकडा वापरलास. वीस वर्षांनी ही वही वाचणाऱ्याला तो फरक कसा कळणार?" मग त्यांनी तो आकडा खोडरबराने पुसू दिला नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहायला आणि सही करायला लावलं. तापमानाचे खरे आकडे तर आता मिळणारच नव्हते. ते रकाने रेघ मारून तसेच सोडावे लागले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झची गोष्ट मी परीक्षेत सुंदर लिहिली होती. १९६१ साली हवामानाचं गणित पुन्हा चालवताना त्यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला आणि पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. एवढ्याशा फरकाचं मोल मला पाठ होतं. आणि मी स्वतः मात्र सबंध आकडाच मनाने लिहिला होता.

मग शिकलेलं सगळं मी नव्याने वाचू लागले. २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. सांताक्रूझला मापक नसता आणि फक्त कुलाब्याचाच आकडा हाती असता, तर त्या दिवसाची मुंबई कागदावर ७३ मिलिमीटरची राहिली असती. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले. मान्सूनचं कोडं सोडवताना जगभरातल्या ठिकाणांचे दाब, तापमान, पाऊस त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्यातून दक्षिणी आंदोलन, म्हणजे हवेच्या दाबाचा महासागरांपलीकडे चालणारा हेलकावा, हाती लागलं. त्यांचं गणित मी शिकले होते. ते आकडे वर्षानुवर्षं रोज उठून कुणी लिहिले, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुण्यातच १९४८ पासून अण्णा मणी यांनी देशी बनावटीच्या हवामान उपकरणांसाठी आणि त्यांच्या अचूकतेसाठी कष्ट घेतले. त्यांचं नाव मला फक्त सामान्यज्ञानाच्या पुस्तकामुळे माहीत होतं.

आणि घरचं उदाहरण तर डोळ्यांसमोरच होतं. माझे वडील सोयाबीन घेतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, तर नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरली जाते. ६३ आणि ६६ यांतला फरक शेतकऱ्याच्या घरात काय असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही तो आकडा लिहिणारा हात मी हलका समजले होते.

मॉडेलवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण प्रबंधाचा विषय मी बदलला. आता मी स्वयंचलित आणि हाताने वाचलेल्या पर्जन्यमापकांच्या नोंदींची तुलना करते आहे. गेटबरोबरच कर्मचारी निवड आयोगाकडून होणाऱ्या हवामान खात्याच्या वैज्ञानिक सहायक पदाच्या परीक्षेचीही तयारी चालू आहे. "पीएचडीचं स्वप्न सोडलंस का गं?" असं आईने विचारलं. सोडलेलं नाही. पण आधी वेधशाळेत उभं राहून नीट बघायला शिकायचं आहे.

नोंदींचा महिना कधीच संपला. सरांच्या परवानगीने मी अजून सकाळी जाते. आपल्या साडेआठला जगाच्या घड्याळात तीन वाजलेले असतात, आणि ठिकठिकाणचे निरीक्षक त्याच क्षणी आपापली नोंद घेत असतात. मला आता त्यांच्यातली एक व्हावंसं वाटतं.

परवा ताप होता, जाता आलं नाही. त्या तारखेपुढे मी लिहिलं, 'नोंद घेतली नाही.'